तीव्राच्या आईचा नंबर

सकाळचा चहा व्हायच्या आत हॉलमधला फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा लेखिकेनं अंथरुणातूनच ओळखलं की कुठेतरी काहीतरी बिनसलंय. एरवी तो फोन महिन्यातून एखाद्या वेळी वाजायचा, तोही चुकीचा नंबर लागल्यामुळे. घरात माणसं दोनच, लेखिका आणि तिची आई. लेखिकेकडे मोबाईल होता आणि आईला मोबाईल मान्य नव्हता. आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंजची इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, तरी तिनं हॉलमधला काळा फोन काढू दिला नव्हता. वाजलेला फोन न उचलणं म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं, असं आईचं मत होतं. आणि आईचं मत बदलायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, असं लेखिकेचं.

लेखिका डोळे चोळत बाहेर आली. आई खुर्चीत ताठ बसली होती आणि रिसीव्हर कानाला लावून अगदी ड्युटीवरच्या आवाजात बोलत होती.

“हो, नंबर बरोबर लागलाय. तीव्राची आईच बोलतेय. बोला.”

लेखिकेची झोप खाडकन उडाली.

तीव्रा ही लेखिकेनंच घडवलेली बाई. दर महिन्याला निघणाऱ्या एका चित्रकथांच्या मासिकाची ती नायिका. तिला कितीही लांबची हाक ऐकू यायची. कुणी आगीत सापडो, पुरात अडको, नाहीतर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घामाघूम होवो. त्यानं नुसतं ‘वाचवा’ असं पुटपुटलं, तरी तीव्राच्या कानात ते घणघणायचं आणि ती निळा अंगरखा सावरत उडत यायची. ही कल्पना सुचली कुठून, असं मुलाखतीत कुणी विचारलं की लेखिका म्हणायची, काय की बाई, अशीच सुचली. तीव्राला स्वतःला हाक मारणारं मात्र जगात कुणीच नव्हतं. तान्ही असताना एका वादळात कुणीतरी तिला दीपगृहाच्या पायऱ्यांवर ठेवून गेलं होतं आणि तिथला दिवा राखणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला वाढवलं होतं. प्रत्येक अंकाच्या शेवटी एकच वाक्य यायचं: ‘जिला कुणी नाही, ती सगळ्यांची.’ हे वाक्य वाचकांच्या टी-शर्टांवर होतं, दप्तरांवर होतं, आणि एका दंतवैद्यानं तर ते आपल्या दवाखान्याच्या छतावर रंगवून घेतलं होतं, म्हणजे खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला दुसरं काही वाचायची सोय राहू नये.

हा दंतवैद्य तीव्राच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. त्याचा उल्लेख पुन्हा यायचाय.

तर अशा या तीव्राला आई कशी फुटली, तेही सांगायला हवं. मासिकाचा खप उतरत चालला होता आणि संपादकांना धमाका हवा होता. दर बैठकीत ते टेबलावर मूठ आपटून धमाका मागायचे. लेखिकेनं तीव्राला एकदा आंधळं करून पाहिलं, एकदा तिचं लग्न ठरवून मोडून पाहिलं. संपादकांचं समाधान झालं नाही. शेवटी एका बैठकीत लेखिकेचं डोकं दुखत होतं आणि घरी जायची घाई होती, म्हणून ती बोलून गेली, की तीव्राची आई जिवंत आहे असं दाखवूया. संपादक उभे राहिले. चित्रकारानं पेन्सिल खाली ठेवली. बैठक तिथेच संपली आणि लेखिका घरी जाऊन गोळी घेऊन झोपली. अंक ठरल्याप्रमाणे तयार झाला. शेवटच्या पानावर तीव्रा उडता उडता थबकते, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या नावाची हाक ऐकू आलेली असते. एक दार किलकिलं होतं, आणि आतून आवाज येतो: ‘तीव्रा, तुझी आई बोलतेय.’

आईनं तिला का सोडलं होतं, हे पुढच्या अंकात सांगायचं होतं. ते काय सांगायचं, याचा लेखिकेला पत्ता नव्हता. धमाका करून बसली होती, आता निस्तरायचं बाकी होतं.

राहता राहिला फोन नंबर. या मासिकात अक्षरं अजून हातानं काढली जायची आणि ती काढणारी लेटरिंगवाली बाई म्हणजे सोन्यासारखं माणूस. फार पूर्वी तिनं एका वाक्यातला ‘च’ गाळला होता, म्हणून लेखिकेनं दिवसभर तिचं डोकं खाल्लं होतं. तेव्हापासून लेटरिंगवालीनं व्रतच घेतलं होतं. कागदावर जे असेल ते, जसं असेल तसं, टिंबाचाही फरक नाही आणि प्रश्नही नाही. यावेळी लेखिकेचा मोबाईल दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिनं शेवटच्या पानाच्या समासात लेटरिंगवालीसाठी लिहून ठेवलं, की काही अडलं तर घरी फोन कर, आणि खाली घरचा नंबर. लेटरिंगवालीला काहीही अडलं नाही. तिनं ते वाक्य नंबरासकट शेवटच्या संवादाच्या फुग्यात, तीव्राच्या आईच्या तोंडी, वळणदार अक्षरात उतरवून टाकलं. चित्रकाराला वाटलं, ही संपादकांची शक्कल. त्यानं फुगा मोठा करून दिला. संपादकांना वाटलं, ही लेखिकेची शक्कल. आणि ती त्यांना इतकी आवडली, की पुढेमागे आपलीच म्हणून सांगता यावी यासाठी त्यांनी ती कुणाची आहे याची चौकशीच केली नाही. लेखिकेनं आपलंच लिखाण कशाला पुन्हा वाचा म्हणून शेवटचं पान पाहिलंच नाही. असा तो अंक गावोगाव गेला.

त्या सकाळी आईनं रिसीव्हर ठेवला आणि अंक लेखिकेच्या हातात दिला. आई प्रत्येक अंक भिंग लावून वाचायची, त्यामुळे तिला सगळं आदल्या दिवशीच कळलं होतं.

“मला सांगायचं नाही का?” लेखिकेनं विचारलं.

“मला वाटलं, तूच दिलायस नंबर,” आई म्हणाली. “म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी आईची आठवण झाली.”

तेवढ्यात फोन वाजला आणि आईचा हात तिकडे गेला.

दोन दिवसांत घराचं एक्स्चेंज झालं. आईनं खुर्चीत उशी घेतली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि जेवणाच्या वेळा बदलून घेतल्या. वाचक चिडलेले होते. तीव्राला आई असणं हा त्यांना सरळसरळ विश्वासघात वाटत होता. काही जण ओरडायचे, काही जण रडायचे, काही जण नुसतेच श्वास घेत राहायचे. पण ऑपरेटरचा एक धर्म असतो, आधी समोरच्याचं ऐकायचं आणि मग लाइन जोडायची. आई ऐकून घ्यायची. मग ज्याला जे पेलेल ते उत्तर द्यायची.

ड्रायव्हिंग स्कूलचा एक मास्तर तावातावानं म्हणाला, की पोर टाकून जाणारी आई कसली, ती खलनायिकाच. त्याच्या बोलण्यात दोनदा तुरुंगातल्या मामाचा उल्लेख आला. आईनं त्याला विश्वासात घेऊन सांगितलं, की तीव्राची आई तुरुंगात होती, तीही दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी. मास्तर एकदम नरमला आणि फोन ठेवताना स्वतःची काळजी घ्या म्हणाला. एका नर्सला तिनं सांगितलं, की डोक्याला मार लागून आईची स्मृती गेली होती. नर्सनं औषधांची नावं विचारली, आईनं ती गोपनीय असल्याचं सांगितलं. बोटीवर काम करणाऱ्या एका खलाशाला कळलं, की त्या वादळात आईची बोट फुटून ती पलीकडच्या किनाऱ्याला लागली होती. खलाशी म्हणाला, मला वाटलंच होतं.

लेखिका हे ऐकत दारात उभी असायची. पुढचा अंक तिला लिहायचा होता, आणि इथे तिच्या नायिकेचं पूर्वायुष्य घाऊक भावात वाटलं जात होतं.

मग वाचक एकमेकांशी बोलले, आणि हे व्हायचंच होतं. इंटरनेटवरच्या त्यांच्या गटात तुरुंगवाले, विस्मृतीवाले आणि बोटवाले असे तीन पंथ पडले. प्रत्येकाचा दावा एकच, की आम्हाला प्रत्यक्ष आईनं सांगितलंय. तुरुंगवाल्यांनी बोटवाल्यांना भाबडे म्हटलं. विस्मृतीवाल्यांनी शांतपणे मुद्दा काढला, की स्मृती गेलेली बाई तिघांना तीन गोष्टी सांगणारच, म्हणजे सिद्ध झालंच ना. हा मुद्दा इतका बिनतोड होता, की बाकीच्या दोघांनी मिळून त्यांना गटातून काढून टाकलं. या तिघांहून मोठा पंथ होता तो अनाथवाल्यांचा, म्हणजे तीव्राला आई नकोच म्हणणाऱ्यांचा. दंतवैद्य त्यांचा पुढारी. धडधाकट दातात उगाच सिमेंट भरावं तसला हा प्रकार आहे, असं त्यानं लिहिलं आणि त्याला शेकडो लोकांनी दुजोरा दिला.

दंतवैद्य चार माणसं घेऊन मासिकाच्या कचेरीत आला. पुढच्या अंकात ती आई तोतया निघाली पाहिजे, नाहीतर मंडळाचे सगळे वर्गणीदार मासिक बंद करतील, असं त्यानं हळू आवाजात आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं. संपादकांनी वचन दिलं. दुपारी तुरुंगवाले आले, त्यांनाही वचन दिलं. संध्याकाळपर्यंत संपादकांनी बोटवाल्यांचंही मन राखलं होतं आणि मग ते लेखिकेच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, की सगळ्यांचं समाधान होईल असं काहीतरी लिहा, फार वेळ लावू नका, आणि आधी तो घरचा फोन बंद करा. लेटरिंगवाली कोपऱ्यात डोळे पुसत होती. तिला कुणी रागावलं नव्हतं, हेच तिला फार लागलं होतं.

लेखिका घरी आली तीच धुमसत. आई एका गृहस्थाला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होती. ते संपेपर्यंत लेखिका उभी राहिली आणि मग तिनं भिंतीतला प्लग ओढून काढला.

“बास झालं, आई. उद्यापासून फोन बंद.”

“वाजलेला फोन मला न उचलून चालत नाही.”

“म्हणूनच वाजू द्यायचा नाही. तू वाट्टेल ते सांगत सुटलीयेस. निस्तरायचं मला आहे. तीव्राची आई तिला का सोडून गेली हे मी ठरवायचं की तू? तुला काय माहीत ती का गेली?”

आईनं चष्मा काढला आणि पुसला.

“मला नाही तर कुणाला माहीत असणार गं?” ती म्हणाली.

जी गोष्ट दोघींनी इतकी वर्षं झाकून ठेवली होती, ती आता उघड्यावर आली होती, आणि झाकण कुठे ठेवलंय हे दोघींनाही आठवेना.

गोष्ट तशी जुनी होती. वडील गेले तेव्हा लेखिका नुकती शाळेत जायला लागली होती. आईनं तिला मावशीकडे ठेवलं आणि ती ऑपरेटरचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या शहरात गेली. सुट्टी लागायच्या आत परत येते, असं म्हणाली होती. ती सुट्टी गेली, त्याच्या पुढची सुट्टीही गेली, आणि मग आई आली. तुझ्या आईचं काम इतकं चांगलं होतं, की त्यांनी तिला सोडलंच नाही, असं मावशीनं समजावलं होतं. लेखिकेनं त्यातून एवढाच अर्थ काढला, की आईला काम जास्त प्यारं होतं. त्या काळात मावशीच्या शेजाऱ्यांकडे आईचे फोन यायचे. शेजारी भिंतीपलीकडून हाका मारायचे आणि लेखिका पलंगाखाली जाऊन बसायची. एकदाही फोनवर गेली नाही. आपण आईला चांगली शिक्षा केली, असं तिला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटायचं. पुढे त्या मुलीनं एक बाळ दीपगृहाच्या पायऱ्यांवर ठेवलं आणि त्याच्यावर नाव कमावलं. आई कधीमधी विचारायची, की तुझ्या तीव्राला आई का नाही गं, आणि लेखिका म्हणायची, कथेची गरज. दोघी एका घरात राहायच्या, एका टेबलावर जेवायच्या, एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या, आणि ती एक गोष्ट सोडून सगळं बोलायच्या.

त्या दिवशीही लेखिकेनं विचारलं नाही. ती आत निघून गेली. जरा वेळानं प्लग पुन्हा भिंतीत गेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फोन वाजला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत लेखिका कागद पुढे घेऊन बसली. तीव्राची आई का गेली? एक कारण लिहिलं, ते सबबीसारखं वाटलं. दुसरं लिहिलं, त्यात आई राक्षसीण झाली. तिसऱ्यात ती इतकी पुण्यवान झाली, की लेखिकेला स्वतःचाच राग आला. टोपली भरत चालली. तेवढ्यात शिपायानं सांगितलं, की एक मुलगी भेटायला आलीय आणि कुठल्याच पंथाची नाही म्हणतेय.

मुलगी विशीची असेल. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती, बोटांना सुईच्या खुणा होत्या, आणि अंगात ‘जिला कुणी नाही’ असं लिहिलेला जुना टी-शर्ट होता. तिनं आधीच सांगून टाकलं, की ती अनाथाश्रमात वाढली, आणि तिथल्या मुली अंक आळीपाळीनं वाचायच्या.

“मी भांडायलाच फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हटलं, तीव्रा आमच्यातली एकटी मोठी झालेली. तिलाही आई निघाली, म्हणजे मग आमच्यातलं कुणीच उरलं नाही. आजी म्हणाल्या, भांड, मी ऐकतेय. मग मी खूप बोलले. बाकीच्यांना त्यांनी काय काय सांगितलंय ते मी वाचलं होतं, म्हणून म्हटलं, मला गोष्ट नको. खरं सांगा.”

“मग?”

“मग सांगितलं त्यांनी.”

लेखिकेनं पेन खाली ठेवलं. काय सांगितलं, असं तिनं विचारलं तेव्हा मुलगी गोंधळली. लेखिकेला ते ठाऊक असणारच, असं धरून ती आली होती.

“ते मी कसं सांगू? तुम्हीच विचारा ना त्यांना. तुम्ही कधी विचारलंच नाही, असं म्हणत होत्या.” मुलगी उठली. “मी एवढंच सांगायला आले होते, की तीव्राला आई असली तरी मला चालेल. आई असूनही एखादीला इतकं एकटं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. ती आमच्यातली आहेच.”

मुलगी गेली. लेखिका बराच वेळ टेबलावरच्या फोनकडे बघत राहिली. घरी जाऊन विचारणं सोपं होतं आणि तेच तिला जमणार नव्हतं. समोरासमोर बसलं की आई पाणी आणायला उठणार, आपण पंख्याचा वेग वाढवायला उठणार, हे तिला अनुभवानं माहीत होतं. मग या जाणत्या, नावाजलेल्या बाईनं एक पोरकट गोष्ट केली. तिनं खोलीचं दार लावलं, रिसीव्हरवर रुमाल गुंडाळला आणि स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला.

“नमस्कार,” पलीकडून आवाज आला. “तीव्राची आई बोलतेय.”

“मी एक वाचक बोलतेय,” लेखिका आवाज जाड करून म्हणाली. “मला एवढंच विचारायचंय, की तुम्ही तिला का सोडलंत?”

आई बोलली, ती ड्युटीवरच्या आवाजात नव्हे.

“सोडलं नव्हतं हो. ठेवलं होतं. शिकायला गेले होते. परीक्षा पास झाले की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की पोरीला घेऊन राहायचं, असं ठरवलं होतं.”

“मग वेळ का लागला एवढा? काम फार चांगलं होतं म्हणून ठेवून घेतलं ना तुम्हाला?”

“ते मीच बहिणीला सांगायला लावलं होतं. मी नापास झाले होते.”

आई नापास झाली होती. लेखिकेनं हे दोन शब्द आजवर एका वाक्यात ऐकले नव्हते. तिच्या शाळेतल्या प्रत्येक कमी गुणावर आईनं किती व्याख्यानं दिली होती, ते तिला आठवलं, आणि नेमकं आत्ता हसू येतंय म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

“कशात नापास?”

“सरावाच्या बोर्डावरून स्वतःचा फोन लावायचा नाही, असा कडक नियम होता. मी लावायचे. बहिणीच्या शेजारी फोन होता. ते पोरीला हाका मारायचे. ती काही यायची नाही. रुसली होती. मी आपली लाइन धरून बसायचे. वाटायचं, आत्ता येईल, आता चपला घालत असेल. परीक्षेच्या दिवशीही लावला. म्हटलं, तिचा आवाज ऐकला की हात कापणार नाहीत. तर परीक्षेच्या खऱ्या बोर्डावर कॉलचे सगळे दिवे पेटलेले, लोक ताटकळलेले, आणि मी एक लाइन अडवून बसलेली. परीक्षा घेणाऱ्या बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. नापास केलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

रुमाल ओला झाला होता. लेखिकेनं तो तरीही धरून ठेवला.

“हे तुम्ही मुलीला कधीच का सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? तू फोनवर आली नाहीस म्हणून मी नापास झाले, असं सांगू? एवढंसं पोर ते. जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी. मला सवय आहे, दिवसभर लोक ऑपरेटरवरच ओरडतात.”

लाइनवर नुसती बारीक घरघर येत होती. लेखिकेला मावशीचा तो पलंग आठवला, खालची थंडगार फरशी आठवली, आणि भिंतीपलीकडून येणारी हाक. जगातल्या कुठल्याही माणसाचं पुटपुटणं ऐकणारी बाई तिनं कागदावर रचली होती, आणि एवढ्या जवळची हाक ऐकून ती स्वतः गप्प बसली होती. तिला फार वाईट वाटलं. इतकं, की आवाज जाड करायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

“ती कधीच आली नाही का फोनवर?”

“तेव्हा नाही आली,” आई म्हणाली. “आज आलीय.”

पलीकडे आईनं घाई केली नाही. तिला वाट बघायची सवय होती.

“तो रुमाल काढ आधी,” मग आई म्हणाली. “जन्म गेला माझा या कामात. लोक नाकाला चिमटा लावून बोलायचे, तरी मी ओळखायचे. आणि आता ठेव फोन. लाइन अडवू नये. लोक ताटकळले असतील. एकदा नापास झाले तेवढं पुरे.”

“थांब ना जरा,” लेखिका म्हणाली.

आई थांबली.

त्या दुपारी दंतवैद्य आपल्या दवाखान्यात, एका रुग्णाला आ करून ठेवून, तीव्राच्या आईला शेवटचा इशारा द्यायला बसला होता. त्यानं पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. दिवस कलेपर्यंत त्याला लाइन व्यस्तच मिळाली.